पिक्ट लोक ‘नाहीसे झाले’ म्हणजे नक्की काय झालं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. मेमध्ये तुम्ही मुलाकडे ॲबर्डीनला येताय. त्याआधी पिक्टांवरचे, म्हणजे उत्तर आणि पूर्व स्कॉटलंडमधल्या जुन्या लोकांवरचे, चार-पाच व्हिडिओ पाहिलेत आणि डोक्यात गोंधळ झालाय. अंगाला निळा रंग फासणारे, रोमनांना दाद न देणारे, आईकडून गादी चालवणारे, कुणालाही न वाचता येणारी लिपी दगडांवर कोरणारे हे लोक आले कुठून, आणि नवव्या शतकात एकाएकी गेले कुठे? शिवाय एकच दिवस मोकळा मिळाला तर काय बघावं?

मी ईशान्य स्कॉटलंडमध्ये गेली सोळा वर्षं उत्खननाची कामं करते. शिक्षण पुण्यातलं, उमेदवारी ताम्रपाषाणयुगीन खापरं धुण्यात गेली. इथे आल्यावर पहिला धक्का बसला तो खापरांचाच. आपल्याकडे कुठल्याही पांढरीच्या टेकाडावर पाय ठेवला की खापरं पायाखाली करकरतात. पिक्टांच्या वस्तीवर महिनाभर खणलं तर एखाददुसरा तुकडा हाती लागतो, आणि तोही बहुधा लांबून आलेल्या भांड्याचा असतो. इथल्या मुख्य भूमीवर त्या काळात मातीची भांडी जवळजवळ वापरातच नव्हती. लाकूड, चामडं, विणलेल्या टोपल्या यांवर लोकांचं भागायचं. घरांच्या भिंती गवताळ मातीच्या ढेकळांच्या, म्हणजे पुढच्या हजार वर्षांत नांगराखाली सपाट. हे आधीच सांगितलं, कारण पिक्टांभोवतीचं निम्मं गूढ इथूनच येतं. माणसं साधीसरळ शेती-गुरं करणारी होती, पण त्यांचं सामान कुजणारं होतं.

आता ‘आले कुठून’ याकडे वळू. या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पिक्ट नावाचा एक समाज होता, तो एके दिवशी बोचकी बांधून आला आणि एके दिवशी बोचकी बांधून गेला. पुरावा मात्र वेगळं दाखवतो. ‘पिक्टी’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो इ.स. २९७ च्या सुमाराला, कॉन्स्टँटियस या रोमन सत्ताधीशाच्या गौरवासाठी केलेल्या एका लॅटिन भाषणात. अर्थ ‘रंगवलेले’. सरहद्दीवरच्या शिपायांनी तटापलीकडच्या लोकांना ठेवलेलं टोपणनाव असावं, असं मला वाटतं. मुघलांच्या कागदांत मराठ्यांना ‘गनीम’ म्हटलंय. उद्या कुणी फक्त तेवढेच कागद वाचून ‘गनीम नावाची जमात दख्खनमध्ये कुठून आली’ असा शोध घेऊ लागलं, तर त्याला काय सापडेल? पिक्टांच्या बाबतीत दीड-दोनशे वर्षं तसंच काहीसं चाललं होतं.

त्याच भूमीतल्या टोळ्यांची नावं दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात आहेत: कॅलेडोनी, टेक्साली, व्हेनिकोनेस वगैरे. पिक्ट तिथे नाहीत. चौथ्या शतकात अम्मियानस मार्सेलिनस हा रोमन इतिहासकार सांगतो की पिक्टांचे दोन भाग आहेत, डिकॅलिडोनेस आणि व्हर्टुरिओनेस. पहिल्या नावात जुने कॅलेडोनी सरळ दिसतातच. दुसऱ्या नावातून पुढे ‘फोर्ट्रिउ’ आलं, आणि सातव्या-आठव्या शतकातले सगळ्यात बलाढ्य पिक्ट राजे या फोर्ट्रिउचेच. म्हणजे माणसं तीच, जागा तीच, बाहेरच्यांनी दिलेलं मोठं नाव तेवढं वरून चिकटलं. पुढे ते त्यांनी स्वतःही घेतलं, निदान लॅटिनमध्ये लिहिताना आणि इतर राजांशी बोलताना.

नवव्या रोमन लीजनला, म्हणजे काही हजार सैनिकांच्या पलटणीला, पिक्टांनी गिळलं, हे तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत असेलच. ती लीजन यॉर्कमध्ये शेवटची दिसते ती १०८ सालच्या शिलालेखात. तेव्हा पिक्ट हा शब्दच नव्हता. सोडून द्या. तसंच ब्रॉख नावाचे ते गोल दगडी बुरूज. लोक त्यांना पिक्टांचे म्हणतात, पण बहुतेक बांधले गेले ते पिक्ट हे नाव कानावर येण्याच्या दोनतीनशे वर्षं आधी. नंतर लोक त्यांच्या आसपास राहिले, हे खरं.

बीड या इंग्लिश भिक्षूने ७३१ मध्ये लिहून ठेवलं की पिक्ट सिथियाहून होड्यांतून आले. मूळ पुरुष लांबून आणायची तेव्हाच्या लिहिणाऱ्यांची हौस जुनी. २०२३ मध्ये प्राचीन डीएनएचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॅलिंटोर आणि लंडिन लिंक्स या दोन ठिकाणच्या, पाचव्या ते सातव्या शतकातल्या थडग्यांमधल्या सांगाड्यांवरचा. ती माणसं ब्रिटनच्या लोहयुगीन माणसांच्या जवळची निघाली. सिथिया वगैरे काही नाही. नमुने फार थोडे आहेत हे खरं, पण जमिनीतून जे निघतं त्याच्याशी ते जुळतं. कुठल्याही थरात ‘इथे नवे लोक आले’ अशी फट मला आजवर दिसलेली नाही.

निळ्या रंगाबद्दल थोडक्यात. अंगाला निळं फासणारे म्हणून सीझरने जे लिहिलं ते दक्षिणेतल्या ब्रिटनांबद्दल, पिक्टांच्या साडेतीनशे वर्षं आधी. तिसऱ्या शतकातला हिरोडियन उत्तरेकडच्या लोकांच्या अंगावर प्राण्यांची चित्रं गोंदलेली असल्याचं सांगतो, तेव्हा गोंदण असणं अगदी शक्य आहे. पण आपल्या डोळ्यांसमोर जो नखशिखांत रंगवलेला, हातात मुंडकं धरलेला उघडा पिक्ट येतो, तो सोळाव्या शतकात जॉन व्हाइटने काढलेल्या चित्रांतून आलाय. ती चित्रं १५९० मध्ये छापली गेली आणि तेव्हापासून तोच पिक्ट फिरतोय. कातडीचा पुरावा मिळणं कठीण, कारण इथली माती आम्लधर्मी. कातडी सोडा, हाडंसुद्धा विरघळतात. एका चौकोनी थडग्यात मी तीन दिवस पालथी पडून लहान ट्रॉवेलने वाळू काढत होते. शेवटी हाती काय आलं? पिवळ्या वाळूत माणसाच्या आकाराचा एक तपकिरी डाग. डोकं कुठे, गुडघे कुठे ते कळत होतं, पण उचलायला काहीच नव्हतं. फोटो काढला, मातीचे नमुने पिशव्यांत भरले आणि दुसऱ्या दिवशीच्या पावसात तो माणूस गेला. आता त्याच्या अंगावर निळं गोंदण होतं का, हे मला विचारू नका.

आईकडून गादीचा मुद्दा असा. बीड म्हणतो, वारसाबद्दल वाद झाला तर पिक्ट राजा आईच्या बाजूने निवडतात. पिक्ट राजांच्या याद्या उतरून घेतलेल्या मिळतात, आणि त्यांत आठव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राजाचा बाप आधी राजा होता असं जवळजवळ दिसत नाही. काहींचे बाप तर परके: टॅलोर्कनचा बाप नॉर्थम्ब्रिया या दक्षिणेकडच्या इंग्लिश राज्याचा राजपुत्र, ब्रिडेइचा बाप बिली हा क्लाइडकाठच्या ब्रिटनांचा. म्हणून मातृवंश, असा जुना निष्कर्ष. पण बीडचं वाक्य पुन्हा वाचा: ‘वाद झाला तर’. अनेक घराण्यांत गादी फिरत असेल, तर मुलगा बापाच्या लगेच मागे न येणं अगदी स्वाभाविक आहे. परका बाप असलेल्या राजाने आपला हक्क सांगायला आईचं घराणं पुढे करणंही तसंच. माझं मत विचाराल तर ही समाजाची रीत कमी आणि राजकारणातली सोय जास्त होती. त्या २०२३ च्या अभ्यासात लंडिन लिंक्सच्या सात जणांचा आईकडचा डीएनए तपासला, तर जवळची एकच मातृशाखा मिळाली नाही. त्यातून एवढंच ठरतं की लग्नानंतर बायका माहेरीच राहत आणि नवरे येत, असं त्या गावात चाललं नसावं. राजाची गादी कशी ठरे, ते एका गावच्या सात थडग्यांवरून ठरत नाही. बातम्यांत या दोन गोष्टींची गल्लत झाली होती.

आता दगडांकडे. इथे मात्र मी रेंगाळणार.

फोर्थच्या खाडीपासून शेटलंडपर्यंत दोनशेहून जास्त चिन्हांकित दगड मिळालेत. १९०३ मध्ये रोमिली ॲलन आणि जोसेफ अँडरसन यांनी त्यांची जी वर्गवारी केली ती अजून आमच्या तोंडी आहे: पहिला वर्ग म्हणजे अनघड दगडावर नुसती कोरलेली चिन्हं, दुसरा म्हणजे घडवलेल्या शिळेवर एकीकडे क्रूस आणि दुसरीकडे चिन्हं, तिसरा म्हणजे क्रूस आहे पण चिन्हं नाहीत. चिन्हंही ठराविकच. चंद्रकोर आणि तिच्यावर मोडलेल्या बाणासारखा ‘व्ही’, दोन चकत्या आणि त्यांतून जाणारा ‘झेड’, साप, मासा, गरुड, आरसा-फणी, आणि तो एक विचित्र प्राणी, ज्याला कुणी डॉल्फिन म्हणतं, कुणी पोहणारा हत्ती. कोरणारा शेटलंडचा असो की फाइफचा, त्या प्राण्याच्या डोक्यावरून मागे जाणारी ती सोंडेसारखी रेघ आणि पायांची ती गुंडाळी तीच असते. बघून उतरवायला सगळ्यांकडे एकच कित्ता असावा इतकी सारखी.

या चिन्हांचा काळ कुठला, यावर माझ्या कामाच्या वर्षांतच मोठी उलथापालथ झाली. आम्हाला शिकवलं होतं की चिन्हं सहाव्या-सातव्या शतकातली. स्टोनहेवनजवळ डनिकेअर नावाचा समुद्रात उभा असलेला सुळका आहे. १८३२ मध्ये काही तरुण वर चढले, तिथे त्यांना दगडांचा ठेंगणा बांध दिसला आणि त्यांनी गंमत म्हणून दगड समुद्रात ढकलले. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की त्यांतल्या काहींवर खुणा होत्या, म्हणून काही परत काढले गेले. २०१५ पासून ॲबर्डीन विद्यापीठाच्या लोकांनी दोर बांधून तिथे खणलं. मी त्या सुळक्यावर नव्हते, मला उंचीची भीती वाटते. पण तिथल्या चुलींमधल्या कोळशाच्या कार्बन तारखा तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या निघाल्या. डनिकेअरची चिन्हंही ओबडधोबड, अजून घाटात न बसलेली. म्हणजे रोमन सरहद्द जिवंत असतानाच ही पद्धत सुरू झाली.

तारखा वाचताना एक सावधगिरी. कार्बन-१४ तुम्हाला साल देत नाही, शंभर-दीडशे वर्षांचा पट्टा देतो, आणि तो पट्टा किती खरा हे नमुना कुठला घेतला त्यावर अवलंबून असतं. मोठ्या ओक खांबाचा कोळसा घेतलात तर झाडाच्या गाभ्याचं वय मिळेल, घराचं नाही. मी चुलीतला एकच जळका जवाचा दाणा किंवा हेझलची बारीक काडी शोधते, एका हंगामात उगवलेली. माणसाचं हाड असेल आणि तो माणूस मासे खाणारा असेल, तर तारीख खरीपेक्षा जुनी येते, तेवढी वजावट करावी लागते. आणि दगडाला स्वतःला तर तारीखच नसते. दगडाजवळच्या चुलीला असते. ती चूल आणि तो दगड एकाच काळातले, हे जोडकाम आमचं असतं. चूक होते ती तिथे.

मग ही लिपी आहे का? २०१० मध्ये एका गटाने एन्ट्रॉपीचं गणित वापरून ‘ही लिहिलेली भाषा आहे’ असं मांडलं. कल्पना सोपी: एका चिन्हानंतर कुठलं चिन्ह येईल याचा अंदाज किती बांधता येतो ते मोजायचं. पार बेशिस्त क्रम असेल तर ती भाषा नाही, अगदी ठरीव असेल तरीही नाही, भाषा मधे कुठेतरी असते. त्याच्या आदल्याच वर्षी सिंधू लिपीवर याच धर्तीचं काम झालं होतं, आणि त्या गटात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संशोधक होते, म्हणून तुम्ही कदाचित ऐकलं असेल. दोन्हींवर आक्षेप एकच आला: भाषा नसलेल्या अनेक चिन्हपद्धतीही त्याच मधल्या पट्ट्यात पडतात. मला आक्षेप पटतो. गणिताने एवढंच कळतं की चिन्हं मन मानेल तशी काढलेली नाहीत. ते दगड बघूनही कळतं.

माझा कौल ‘नावं’ याला आहे, आणि तो मी कसा दिला ते सांगते. चिन्हं बहुतेक जोडीने येतात. आरसा-फणी आली तर जोडीच्या खाली, पुरवणीसारखी. तीच चिन्हं दगडावर, गुहेच्या भिंतीवर, चांदीच्या पत्र्यावर येतात, म्हणजे मजकूर छोटा आणि कुठेही चालणारा आहे. ख्रिस्ती क्रूस आला तरी चिन्हं टिकली, म्हणजे ती धर्माशी बांधलेली नव्हती. आणि त्याच मुलखात ओघम (रेघांची जुनी आयरिश लिपी) आणि लॅटिन अक्षरांत जे लिहिलेलं सापडतं, ते जिथे वाचता येतं तिथे बहुतेक नावंच असतात. सेंट व्हिजिअन्सच्या एका शिळेवर ‘ड्रोस्टेन’ हे नाव आजही वाचता येतं. तेव्हा दोन चिन्हं म्हणजे एका माणसाचं किंवा घराण्याचं नाव, असं मी धरून चालते. पण हे ‘धरून चालणं’ आहे. कुणी ‘साप म्हणजे अमुक, चंद्रकोर म्हणजे तमुक’ असा कोश विकत असेल तर तो घेऊ नका.

भाषेचं कोडं लिपीइतकं अवघड राहिलेलं नाही. एकेकाळी पिक्टांची एक भाषा युरोपातल्या कुठल्याच कुळात न बसणारी मानत. आज बहुतेकांना ती वेल्शची उत्तरेकडची बहीण वाटते. तुम्ही ज्या गावी उतरणार त्या ॲबर्डीनमधलं ‘ॲबर’ म्हणजे नदीचं मुख, वेल्शमध्येही तेच. मुलगा फुटबॉलचा शौकीन असेल तर त्याला पिटोड्री मैदान माहीत असणार. त्यातलं ‘पिट’ म्हणजे पेट्ट, जमिनीचा वाटा. पिटलॉख्री, पिटनवीम, पिटमेडन, अशी गावं नकाशावर शेकड्यांनी आहेत. आता गंमत बघा: ‘पिट’ पिक्टिश, पण त्याच्या पुढचा शब्द बहुतेक वेळा गेलिक, म्हणजे आयरिशच्या नात्यातल्या भाषेतला. ही गोष्ट लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

कारण आता तुमचा खरा प्रश्न: गेले कुठे?

ओळीने बघू. ८३९ मध्ये व्हायकिंगांशी झालेल्या लढाईत फोर्ट्रिउचा राजा एओगानन, त्याचा भाऊ ब्रान आणि असंख्य माणसं पडली. राजघराण्याचा कणाच मोडला. त्या पोकळीत केनेथ मॅकअल्पिन पुढे आला. त्याने मेजवानीला बोलावून पिक्ट सरदारांची कत्तल केली, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण ती कैक पिढ्यांनी लिहिलेली. त्याच्या काळाजवळच्या नोंदी बघा. ८५८ मध्ये तो मेला तेव्हा आयरिश बखरकारांनी त्याला ‘पिक्टांचा राजा’ म्हटलं. त्याचा मुलगा एड ८७८ मध्ये मारला गेला, तोही ‘पिक्टांचा राजा’. नातू डॉनल ९०० मध्ये वारला, आणि त्याला म्हटलंय ‘अल्बाचा राजा’; अल्बा हे स्कॉटलंडचं गेलिक नाव. घराणं तेच, राज्य तेच, बावीस वर्षांत पाटी बदलली. मारलेल्या लोकांच्या देशाचा राजा म्हणून आजोबा आणि बाप-काका कसे काय मिरवतील?

पाटीखाली मात्र खरा बदल होता, तो भाषेचा. पश्चिमेकडची गेलिक आधी मठांतून आली, मग लग्नांतून, मग दरबारातून. ‘पिट’ला गेलिक शेपूट लागलेली गावांची नावं त्याच काळाची साक्ष आहेत: गेलिक बोलणाऱ्या माणसांनी जमीन मोजायचा पिक्टिश शब्द तसाच वापरात ठेवला. जमिनीचे वाटे, कर, हद्दी तशाच चालू राहिल्याशिवाय असं होत नाही. गावं ओस पडली असती, तर वाट्याचा शब्द कुणाला लागला असता? ॲबर्डीनशायरच्या डीअर मठातल्या एका लहानशा ग्रंथाच्या मोकळ्या जागांत बाराव्या शतकात कुणीतरी गेलिकमध्ये जमिनीच्या दानांच्या नोंदी केल्यात. तिथे ‘पेट्ट इन मुलेन’, गिरणीचा वाटा, असा उल्लेख आहे. आणि मठाच्या स्थापनेची गोष्ट सांगताना तिथल्या अधिकाऱ्याला ‘पिक्ट बेडे’ म्हटलंय. म्हणजे तीनशे वर्षांनंतरही शब्द स्मरणात होता.

मग आपल्याला ‘नाहीसे झाले’ असं का वाटतं? त्यांनी स्वतः लिहिलेलं उरलं नाही, म्हणून. आणि याचं कारण त्यांना लिहिता येत नव्हतं हे नाही. टार्बटच्या भूशिरावर पोर्टमहोमॅक येथे मार्टिन कार्व्हर यांनी १९९४ पासून बारा-तेरा वर्षं खणलं आणि एक अख्खा पिक्ट मठ काढला. त्यात कातडं कमावून चर्मपत्र करायची जागा होती: दगडी कुंड, कातडं ताणायचे हाडाचे खुंट, खरवडायची चंद्रकोरी सुरी. एवढा खटाटोप लोक करतात तो पुस्तकांसाठी. ही जागा ८०० च्या आसपास जळाली. राखेच्या थरातून फोडलेल्या कोरीव शिळांचे तुकडे निघाले. व्हायकिंगांनीच पेटवलं असं सगळे म्हणतात, आणि बहुधा ते खरंही असेल. थर मात्र एवढंच सांगतो की जळालं. कुणी जाळलं, ते राखेवर लिहिलेलं नसतं.

आता ‘परिस्थितीवर अवलंबून’ असा एक भाग, जो व्हिडिओत नेहमी गाळला जातो. कुठल्या शतकातले आणि कुठले पिक्ट, हे विचारल्याशिवाय कुठलंही विधान खरं की खोटं ठरत नाही. ॲबर्डीनशायरमधल्या ऱ्हायनीला सहाव्या शतकाच्या सुमारास कुणीतरी पूर्व भूमध्यसागराकडून आलेल्या कुंभांतली दारू आणि फ्रान्सकडची काच वापरत होतं. जवळच्या टॅप ओ’ नॉथ टेकडीवर आठशेच्या आसपास घरांचे चौथरे मोजले गेलेत, काही तिसऱ्या ते सहाव्या शतकातले. ‘चार हजारांचं पिक्ट शहर’ अशा बातम्या आल्या. सगळे चौथरे एकाच वेळी नांदते होते असं धरलं तरच तो आकडा, आणि मोजक्या चौथऱ्यांवरच खणलंय, म्हणून मी ‘शहर’ म्हणताना अडखळते. सेंट निनियन्स आयलवर १९५८ मध्ये एका शाळकरी मुलाला दगडी लादीखाली अठ्ठावीस चांदीच्या वस्तू मिळाल्या, पण तो आठव्या शतकाचा शेटलंड. ऱ्हायनीच्या त्या मेजवान्यांशी त्याचा संबंध तेवढाच, जेवढा कुठल्याही दोन दूरच्या गावांचा दोनशे वर्षांच्या अंतराने असतो.

नकाशासुद्धा हलतो. फोर्ट्रिउ पर्थशायरमध्ये असं शंभरावर वर्षं छापलं जात होतं. २००६ मध्ये इतिहासकार ॲलेक्स वुल्फ यांनी जुन्या नोंदी पुन्हा वाचून ते उत्तरेला, मॉरे खाडीच्या बाजूला असल्याचं मांडलं, आणि आता बहुतेकांनी ते मान्य केलंय. आम्हा खणणाऱ्यांच्या दृष्टीने राजधानीचा जिल्हाच बदलला. बर्गहेडचा किल्ला, जो गाव वसवताना निम्म्याहून जास्त खरवडून टाकला गेला, तो एकदम मध्यभागी आला.

तेव्हा एका दमात सांगायचं तर: इथलेच लोक, बाहेरून मिळालेलं नाव, पुढे बदललेली भाषा, आणि कुजून-जळून गेलेले कागद. आता तुमचा एक दिवस.

ॲबर्लेम्नोला जा. ॲबर्डीनहून गाडीने तासा-सव्वातासाचं अंतर. रस्त्याच्या कडेलाच दगड उभे आहेत. पहिल्यावर साप, खाली दोन चकत्या आणि ‘झेड’, त्याखाली आरसा-फणी. तिथून चालत चर्चच्या आवारात या. तिथल्या शिळेच्या मागच्या बाजूला लढाई आहे, तीन ओळींत. मधल्या ओळीत पायदळ घोडेस्वाराला तोंड देतंय. नीट बघा: पुढचा ढाल-तलवार घेऊन, त्याच्या मागचा दोन्ही हातांनी लांब भाला धरून पुढच्याच्या खांद्यापलीकडे रोखलेला, तिसरा आपला भाला घेऊन राखीव. कोरणाऱ्याने कवायत पाहिलेली असणार, नुसतं ऐकून असं काढता येत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात नाकावर पट्टी असलेलं शिरस्त्राण घातलेला माणूस पडलाय आणि पक्षी त्याला टोचतोय. तसंच शिरस्त्राण १९८२ मध्ये यॉर्कला सापडलंय, म्हणून पडलेला तो नॉर्थम्ब्रियाचा, असं म्हणतात. मग ही २० मे ६८५ ची लढाई, ब्रिडेइने नॉर्थम्ब्रियाच्या एक्ग्फ्रिथ राजाला मारलं ती, असं पुढे ओघानेच येतं. डनिकन गाव तिथून जवळच. पण वुल्फ यांच्या मते ती लढाई इथे नव्हेच, बेडनॉखमधल्या डनॅख्टनला झाली. शिवाय कोरीवकामाच्या शैलीवरून शिळा लढाईनंतर निदान काही दशकांनी, आठव्या शतकात किंवा त्याही पुढे घडवलेली दिसते. मी पाहुण्यांना लढाईचं नाव शेवटी सांगते, आधी त्यांना तो भालेवाला शोधायला लावते.

दुपारी डोक्यावर ऊन असताना कोरीवकाम सपाट दिसतं, त्यामुळे संध्याकाळी या. मेच्या शेवटी इथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो, आणि तिरक्या उजेडात रेषा उठून येतात. ढगाळ असेल तर मुलाला मोबाईलचा टॉर्च शिळेच्या बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरायला सांगा. खडूने रेषा भरू नका, पाणी ओतू नका. हिवाळ्यात या शिळांवर लाकडी खोकी चढवलेली असतात, पण मेमध्ये त्या उघड्या असतील. आणि पाऊस लागलाच तर पुढे मिगलला जा: जुन्या शाळेच्या इमारतीत सव्वीस शिळा एका छपराखाली आहेत. निघण्यापूर्वी उघडण्याची वेळ तेवढी बघून घ्या.